दिव्यांखालचा माठ

संजनाला सासरी आल्यापासून एकदाही कुणी वाकडा शब्द बोललं नव्हतं, आणि खरी अडचण तिथेच होती. सासू छळणारी असती तर ती बॅग भरून सरळ विरारला, फुलपाड्यातल्या बाबांच्या दोन खोल्यांत परत गेली असती. पण बायजाबाई पडल्या मायाळू. मायेनं वाढलेलं ताट पुढ्यातून सरकवायचं कसं, हे तिला कॉलेजात काही शिकवलं नव्हतं.

लग्नाआधी संजना विरार स्टेशनजवळच्या एका लॅबमध्ये काउंटरवर बसायची. रक्त तपासायला येणाऱ्यांची नावं घ्यायची, रिपोर्ट टाइप करून द्यायची. ना ती डॉक्टर होती, ना टेक्निशियन. पण वसईत खाडीकाठच्या वाडीवर सून म्हणून आली तेव्हा गावात एकच गोष्ट झाली, ती म्हणजे भूपेशची बायको रक्ताच्या लॅबमधली आहे. तिनं सुरुवातीला एकदोघींना समजावून पाहिलं की मी तिथे नुसती टायपिंग करायचे. मग तो नाद सोडला. गावानं दिलेला मान परत करायचा म्हटला तरी कुणी घेत नाही.

नवरा भूपेश हा एक वेगळाच प्राणी. एखादं वेड डोक्यात शिरलं की शिरलं. वाडीवर पिढ्यानपिढ्या केळी, फुलं आणि पालेभाजी. वसईचा पाऊस पालेभाजीला असा झोडपतो की पान जमिनीला चिकटून कुजतं, आणि नेमका त्याच दिवसांत मुंबईत भाजीला भाव. म्हणून भूपेशनं लोखंडी कमानींवर प्लास्टिक ताणून मोठी शेड उभी केली. तिला तो पॉलिहाऊस म्हणायचा आणि गाव म्हणायचं भूपेशचा मांडव. आत पालक तगला, मेथी तगली, पण लाल माठानं दगा दिला. वर ढग, त्याखाली प्लास्टिक, म्हणजे उजेडाची बोंब. पानं हिरवट, फिकट, आजाऱ्यासारखी यायला लागली. मुंबईच्या हॉटेलांना भाजी पोचवणाऱ्या माणसानं एक जुडी हातात धरली आणि याला लाल माठ कोण म्हणणार, असं विचारून परत ठेवली.

तेव्हा शेतकी कॉलेजातल्या मेरी मॅडम आल्या. मूळच्या वसईच्याच, त्यामुळे चिखलात उभं राहायला त्यांना काही वाटलं नाही. त्यांनी सांगितलं की माठाचा लाल रंग पान उजेड बघून तयार करतं, त्यातही निळा उजेड त्याला जास्त लागतो. पावसाळ्यात तो मिळत नसेल तर आपण वरून द्यायचा. भूपेशला एवढं सांगणं म्हणजे वाळलेल्या गवतावर ठिणगी टाकणं. पंधरवड्यात शेडमध्ये वाफ्यांवर निळ्या-पांढऱ्या ट्यूबा लोंबायला लागल्या. आभाळ भरून आलं की त्या पेटायच्या, आणि संध्याकाळी अंधार पडल्यावरही काही वेळ चालू राहायच्या. आणि खरोखर, पुढचं पीक आलं ते गर्द लाल. ही दोन हजार आठ सालची गोष्ट. संजनाच्या लग्नाला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

मॅडमनी पानं कॉलेजात नेऊन तपासली आणि पुन्हा वाडीवर येऊन निकाल सांगितला. भूपेश बाजारात गेला होता, बायजाबाई मागच्या वाफ्यात होत्या. ऐकायला एकटी संजना. मॅडम म्हणाल्या, "रंग चांगला वाढलाय. सी व्हिटॅमिन वाढलंय. अंधारातल्या भाजीत नायट्रेट साठतं, ते उतरलंय. हे सगळं छानच आहे. पण लोकांना उगाच काही सांगू नका हं. आयर्न दिव्यानं वाढत नाही. ते मातीतून मुळावाटे येतं, आणि पालेभाजीतलं आयर्न अंगाला लागतं तेही थोडंच." संजनानं मान डोलावली. हे तिला नवीन नव्हतं.

मॅडम गेल्या आणि बायजाबाई ओले हात पदराला पुसत आल्या. "काय म्हनाली गो बाई?"

"चांगलं आहे म्हणाल्या, आई. रंग वाढलाय."

"रंग वाढला म्हंजे रक्त वाढतं ना?"

सासूच्या चेहऱ्यावर इतकी आस होती की नव्या सुनेच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "हो आई. तसंच." त्या वेळी तिला वाटलं, बिघडलं कुठे? म्हातारीला आनंद झाला, भाजी तर चांगलीच आहे. असल्या छोट्या होकारांवर तर संसार चालतात.

पण त्याच संध्याकाळी बायजाबाईंनी त्या लाल माठाची पहिली जुडी धुऊन घेतली आणि देवासमोर नाही, तर ओटीवरच्या एका फोटोसमोर नेऊन ठेवली. फोटोतली मुलगी भूपेशची थोरली बहीण, यमुना. बायजाबाई फोटोला म्हणाल्या, "यमे, बघ गो. पावसाळ्यात पन लाल हाय आता." मग संजनाकडे वळून, काल झाल्यासारखं सगळं सांगितलं. यमुना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. हॉस्पिटलनं रक्ताच्या गोळ्या दिल्या होत्या, पण त्यांनी पोरीला उलट्या व्हायच्या, म्हणून बायजाबाईंनी त्या फडताळात ठेवल्या आणि तिला दोन्ही वेळा वाडीतला माठ खाऊ घातला. या वाड्यांतली रीतच ती. पोटुशी बाईला बाजारची भाजी चालत नाही, घरच्याच वाफ्यातली हवी. पण त्या वर्षी पावसानं सूर्य दिसू दिला नाही. माठ फिकट आला. बाळंतपणात यमुनाला रक्तस्राव झाला आणि अंगात आधीच रक्त नव्हतं. ती गेली, मूलही गेलं.

"पान फिकट होतं म्हून गेली माजी पोर," बायजाबाई म्हणाल्या. "नायतर माठ काय कमी घातला मी तिला?"

आपण दुपारी काय बोलून बसलो ते संजनाला तेव्हा कळलं. आता खरं सांगायचं म्हणजे एवढंच सांगायचं नव्हतं की आई, मॅडम तसं म्हणाल्या नव्हत्या. आता सांगायचं म्हणजे एका आईला सांगायचं, की तुमची मुलगी ढगांनी नाही गेली, तुमच्या हातानं गेली. हे कुणाच्या तोंडून निघेल? माझ्या तरी निघालं नसतं.

मग व्हायचं ते झालं. बायजाबाई जिथे जातील तिथे सांगू लागल्या, आमच्या दिव्यांखालच्या माठानं रक्त वाढतं, आणि हे मी नाय सांगत, आमची सूनबाय सांगते, ती रक्ताच्या लॅबमधली. पाचूबंदरच्या कोळणी मासळी विकायला आल्या की जाताना माठ नेऊ लागल्या. विरारच्या बिल्डिंगींतून, फुलपाड्यातून, चंदनसारमधून बायका रिक्षा करून यायला लागल्या. भूपेशनं फाटकावर पाटी लावली, त्यात रक्तवाढ हा शब्द लाल रंगात. एखादी बाई शंका काढू लागली की तो घराकडे तोंड करून हाक मारायचा, "अगं संजना, जरा ये. हिलाच विचारा, हिला सगळं माहीत आहे." संजना दारात यायची, हसायची, मान हलवायची. किती वेळा ती मनाशी ठरवून बाहेर गेली असेल की आज सांगून टाकायचं, पण ओटीवरून यमुनाचा फोटो दिसायचा आणि मान आपोआप हलायची.

पुढच्या वर्षी तिला दिवस गेले.

आता विचार करा. ज्या घरानं एक मुलगी अशी गमावली त्या घरात सून गरोदर. बायजाबाईंनी तिला तळहातावर झेललं. सकाळी माठ, दुपारी माठ, रात्री माठाच्या देठांची आमटी. संजनाची आई तिच्या लहानपणीच वारलेली, घरात बाबा एकटे, तेव्हा पहिलं बाळंतपण असूनही माहेरी जायचा प्रश्न नव्हता. बाबा, म्हणजे जयवंतराव, फोन करून विचारायचे, "कशी आहेस बाळा?" आणि ती म्हणायची, "मजेत आहे. फार लाड करतात." ते खोटंही नव्हतं. त्या दिवसांत वसईला रोज लोडशेडिंग. वीज गेली की भूपेश जनरेटर लावायचा तो शेडसाठी. घरातला पंखा थांबायचा आणि खिडकीतून शेडचा निळा उजेड संजनाच्या पलंगावर पडायचा. त्या उजेडात तिला स्वतःचे हात कुणा दुसऱ्याचे वाटायचे. बायजाबाईंना तर वाटू लागलं की जो उजेड पानाला लाल करतो तो पोरीलाही का नाही करणार? मग दुपारच्या ढगाळ वेळी शेडमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून त्या तिला वाफ्यांच्या मध्ये बसवायच्या. आत दमट उकाडा, दार बंद, डोक्यावर गुणगुणणाऱ्या ट्यूबा. ती घामानं निथळत माठाबरोबर बसून राहायची. उठते म्हटलं की बायजाबाई म्हणायच्या, "बस गो जरा. तुज्याच भल्याचं हाय."

एकदा तिनं जीव एकवटून सांगायचा प्रयत्न केला. यमुनाचं नाव न काढता, आडवळणानं. बायजाबाई विळीवर देठं चिरत होत्या. "आई, उजेडानं रंग येतो हो. पण रक्ताला जे लोह लागतं ना, ते उजेडातून येत नाही. ते मातीतून येतं, मुळातून."

बायजाबाईंचा हात थांबला. "मुळातनं येतं?"

"हो. म्हणूनच तर उपकेंद्रातल्या सेलिन सिस्टरनी त्या गोळ्या दिल्यात. त्यात लोह असतं."

"लोखंड मुळातनं येतं," बायजाबाई स्वतःशीच म्हणाल्या आणि दोनतीनदा मान हलवली. संजनाला वाटलं, चला, एकदाचं डोक्यात शिरलं. गोळ्यांनी तिलाही मळमळायचं. त्याच दिवशी बायजाबाईंनी तिच्याकडून सगळ्या गोळ्या मागून घेतल्या. "दे माज्याकडं. तुज्या खान्यातच घालते. तुला कळनार पन नाय." संजनानं सुटकेचा श्वास सोडला. गोळ्या पोटात जातायत ना, मग सासू काही का समजेना.

तरी ती वाळत चालली. जिना नाही, चढण नाही, तरी ओटीच्या पायरीवर धाप लागायची. सातव्या महिन्यात गावच्या उपकेंद्राच्या सेलिन सिस्टर घरी आल्या. त्यांनी खालची पापणी ओढून पाहिली, बोट टोचलं आणि नळीकडे बघत राहिल्या. "हिमोग्लोबिन सात," त्या म्हणाल्या. संजनानं लॅबमध्ये सातवाले चेहरे पाहिले होते. त्यांना बाकावर बसवून ठेवायचे आणि डॉक्टरांना आत फोन जायचा.

"गोळ्या घेतेस ना रोज?"

"आई खाण्यात घालतात."

"मग असं व्हायला नको," सेलिन सिस्टर म्हणाल्या. "मोठ्या हॉस्पिटलात दाखवा हिला. या आठवड्यात. बाळंतपणात थोडं जरी रक्त गेलं ना, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

दारात उभ्या असलेल्या बायजाबाईंचा चेहरा क्षणभर काळवंडला. मग त्यांनी पदर खोचला. "आजून दोन जुड्या वाढवते." भूपेश सिस्टरना फाटकापर्यंत सोडायला गेला आणि परत येऊन हळूच म्हणाला, "नेतो तुला, नक्की नेतो. फक्त हे सातबित बाहेर कुणाला बोलू नको. पाटीखालून लोक येतात आपल्याकडे. घरच्याच बाईचं रक्त कमी म्हटलं तर काय तोंड दाखवू?" तो तिच्याकडे बघत नव्हता. वाईट नव्हता तो, नुसता अडकला होता, तिच्यासारखाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा शेडमधली खुर्ची. समोरच्या कोपऱ्यात एक वाफा बाकीच्यांपासून वेगळा होता. तो सूनबायचा वाफा, त्यातलं पान विकायचं नाही, फक्त संजनाच्या ताटात. बायजाबाई झारीनं त्याला पाणी घालत होत्या. पाणी गढूळ, तांबूस होतं. संजना उठून जवळ गेली. झारीच्या तळाशी लाल साली साचल्या होत्या, अर्धवट विरघळलेल्या. तिनं त्या ओळखल्या.

"आई, हे काय?"

बायजाबाईंचा चेहरा उजळला. इतके दिवस जपलेलं गुपित सांगायची वेळ आली होती. "तूच सांगितलंस ना, लोखंड मुळातनं येतं? तुला उलट्या होतात, म्हून मुळाला घालते. जास्वंदीला नाय का आपन गंजके खिळे पुरत? मुळातनं पानात, पानातनं तुज्या पोटात. आनि वरून उजेड. बघ तरी कसा आलाय वाफा!" त्यांनी एक पान खुडून तिच्यापुढे धरलं.

वाफा खरंच सुंदर आला होता. संजनाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती खुर्चीचा हात धरून खाली बसली. महिनोन् महिने तिचं औषध त्या मातीत जात होतं. ती चिडू शकली असती, ओरडू शकली असती. पण त्या बाईनं एकही गोळी वाया घालवली नव्हती. तिला ठाऊक होती त्या सगळ्यात चांगल्या जागी तिनं ती ठेवली होती. असल्या माणसावर ओरडायचं कसं?

त्या दिवशीही ती काही बोलली नसती. हे मी तिच्या बाजूनं सांगत नाही, आहे तसं सांगते आहे. पण तेवढ्यात फाटकावरून भूपेशची हाक आली. चंदनसारहून एक बाई आली होती, बरोबर पिंकी नावाची तिची मुलगी, पोट पुढे आलेली, ओठ पांढरे. एकोणीस-वीसची असेल. संजनानं लॅबच्या काउंटरवरून पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं. मुलीची आई म्हणाली, "तुमचं ऐकून हिच्या गोळ्या बंदच केल्यात आम्ही. पित्त व्हायचं हिला. आता नुसता माठ." पिंकी संजनाकडे बघून हसली. दोन गरोदर बायका एकमेकींकडे बघून हसतात तसं.

संजना हसली नाही. मानही हलवली नाही. ती आत गेली आणि दिवेलागणीपर्यंत भिंतीला टेकून बसून राहिली.

बायजाबाई समई लावून ओटीवर आल्या तेव्हा ती म्हणाली, "आई, बसा जरा. मी तुमच्याशी खोटं बोलले होते."

तिनं सगळं सांगितलं. मॅडम काय म्हणाल्या, तिनं काय सांगितलं. उजेडानं पानाला रंग येतो, दुसरं चांगलं काही येतं, पण रक्त येत नाही. झारीतलं लोह तिच्यापर्यंत पोचलं नाही. बायजाबाई ऐकत होत्या. त्यांचा हात गुडघ्यावरचं लुगडं चुरगळत होता.

"म्हंजे त्या वर्सी," त्यांनी शेवटी विचारलं, "पान लाल असतं तरी?"

संजनाला पुन्हा तोच मोह झाला. एक शब्द खोटा बोलला असता तर ती बाई सुटली असती. पण तिच्या डोळ्यांपुढे पिंकीचे पांढरे ओठ होते.

"तरीसुद्धा, आई," ती म्हणाली. "गोळ्या हव्या होत्या."

बायजाबाई उठल्या. चुलीपाशी गेल्या, भात टाकला, डाळ केली, ताट वाढलं. ताटात त्या रात्री माठ नव्हता. स्वतः जेवल्या नाहीत. भूपेशनं दोनदा विचारलं काय झालं म्हणून, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "सकाळी रिक्षा आन. हिला हास्पिटलात न्यायचंय."

सकाळी तिघं रिक्षात बसली. बाळ-बाळंतीण पुढे सुखरूप सुटली, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या, सुया टोचाव्या लागल्या, पण सुटली. सांगायचं आहे ते त्या आधीचं. रिक्षा फाटकाबाहेर आली तेव्हा पाटीखाली बायका उभ्या होत्या, रोजच्यासारख्या पिशव्या घेऊन. त्यांत पिंकीची आई होती. कालची जुडी तिला कमी पडली होती.

"थांबव रे," बायजाबाई म्हणाल्या.

भूपेश कुजबुजला, "आई, आता नको. आल्यावर बघू." त्या उतरल्याच. पदर नीट केला आणि सरळ पिंकीच्या आईपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"पोरीला गोळ्या चालू कर. आजच्या आज."

ती बाई गोंधळली. "अहो, पण तुमच्या सूनबाईंनीच..."

"सुनेचं नाव घेऊ नको. गावभर सांगत मी फिरले." बायजाबाईंचा आवाज चढला नव्हता. "माठ भाकरीबरोबर खायला हाय, चांगला हाय. रक्ताला नाय. माज्या यमीला हास्पिटलनं गोळ्या दिलेल्या. मी त्या फडताळात ठेवल्या आनि माठ घातला. पान फिकट होतं म्हून गेली, असं सांगत आले मी सगळ्यांना. पानाचं काय नव्हतं. माजी पोर मी घालवली."

पिंकीच्या आईनं पिशवी घट्ट धरली होती. बायजाबाई वळल्या, रिक्षात संजनाला खेटून बसल्या आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"चल बाबा," त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या. "उशीर नको करू."